थोया आजोबांना थंडी वाजते

कारिसाचा डोळा लागतो तो भर दुपारी, काजूच्या झाडाखाली, आणि तो लागू नये म्हणून बिचारा जिवाचा आटापिटा करत असतो. पाठ बुंध्याला टेकवायची नाही, असं त्याने स्वतःला बजावलेलं. पण पहाटेपासून माड चढून उतरून पोटऱ्यांचे गोळे झालेले, पोटात मक्याच्या पिठाची गरम उकड गेलेली, वारा पडलेला. माणूस किती लढणार? पाठ टेकते. पापण्या जड होतात. कानाला अजून सगळं ऐकू येतं आहे. दामा, त्याची बायको, अंगणात भांडी घासते आहे, राखेची खरखर येते आहे. मग ती खरखर हळूहळू लांब जाते.

आता दुपारच्या डुलकीला कुणी एवढं भितं का? तर कारिसा भितो, आणि त्याला तसं कारण आहे. गेले चार दिवस डोळे मिटले की कुणीतरी त्याच्या मागे येऊन उभं राहतं. बोलत नाही, चालत नाही, नुसतं उभं. कोण ते कारिसाला वळून न बघताच ठाऊक आहे. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही.

झालं होतं असं. केनियाच्या किनाऱ्याला, मालिंदी शहरापासून जरा आत, कारिसाचे गिर्यामा लोक राहतात. त्यांच्यात एखादा मानाचा म्हातारा गेला, की काही वर्षांनी तो घरच्यांच्या स्वप्नात येतो आणि म्हणतो, मला थंडी वाजते, मला उभं करा. मग त्याच्या नावाचा खांब कोरायचा. आपल्याकडे वीरगळ असतो ना, तसाच, फक्त लाकडाचा. पुरुषभर उंच, वर वाटोळं डोकं, अंगभर त्रिकोणांची नक्षी. त्याला किगांगो म्हणतात. खांब मातीत रोवला, गळ्याला आणि कमरेला कापडाच्या पट्ट्या बांधल्या, पुढ्यात माडी ओतली, की म्हातारा निवांत झाला. एकदा रोवला की मग तो हलवायचा नाही. गाव उठून दुसरीकडे गेलं तरी नाही. वाळवीने खाल्ला तरी नाही.

कारिसाने हलवला. कुणा परक्याचा नव्हे, थोया आजोबांचा, सख्ख्या आजोबांचा. शहरातला एक दुकानदार जुन्या लाकडी वस्तू गोऱ्या पाहुण्यांना विकायचा. त्याने माडीचे डबे वाहायला नवी कोरी सायकल देऊ केली आणि ह्याची मती फिरली. बरं, पठ्ठ्या भाविकही होता. सरळ उपटून देईल तर तो कारिसा कसला? त्याने आधी खांबावरच्या पट्ट्या एकेक गाठ सोडवून काढल्या, खांब हलवल्यावर त्या रिकाम्या खड्ड्यात पुरल्या, वर माडी ओतली आणि सांगितलं, आजोबा, तुम्ही ह्या कापडात आहात, लाकडात नाही, तुम्ही इथंच राहा. आपली लबाडी आपल्यालाच पटवून द्यायला माणसाला वेळ लागत नाही. लाकूड दुकानदाराने नेलं. तिथून ते बोटीत बसून कुठल्या मुलखाला गेलं, हे कारिसाने कधी विचारलं नाही.

त्याला पाच वर्षं झाली. ह्या पाच वर्षांत दामाची दोन बाळं गेली, एक सातव्या महिन्यात आणि एक जन्मल्या दिवशीच. आता तिसऱ्यांदा दिवस भरत आलेत. दामा पोटावर हात ठेवून गप्प बसून राहते आणि कारिसा तिच्याकडे बघायचं टाळतो. खांब चोरीला गेला हे गावाला माहीत आहे. कुणी नेला हे कुणालाच माहीत नाही, आणि कारिसाने ते कळू दिलेलं नाही.

तर ती राखेची खरखर लांब जाते, आणि काजूच्या सावलीत गारठा उतरतो.

पावसाळ्यातला गारठा नव्हे हा. असा गारठा ह्या किनाऱ्याला ठाऊकच नाही. कारिसाचे दात वाजायला लागतात. तो डोळे उघडतो, निदान त्याला तसं वाटतं, तर थोया आजोबा उभे आहेत. आज मागे नाहीत, समोर आहेत. अंगावर सूतसुद्धा नाही. कारिसा दहा वर्षांचा असताना ते गेले, तेव्हाचाच चेहरा, पुढचा एक दात पडलेला. पण डोळ्यांच्या जागी दोन कोरीव खाचा आहेत, आणि गुडघ्यांखाली पाय नाहीत, लाकूड आहे.

"माडी आहे का रे घरात?" आजोबा विचारतात.

कारिसा धडपडत उठतो, करवंटी भरतो आणि त्यांच्या पुढ्यात ओततो. माडी मातीत जिरत नाही. पडली तिथेच पसरून राहते. तो वाकून बघतो तर खाली माती नाहीच, फरशी आहे, पांढरी, गुळगुळीत. काजूचं झाड नाही, अंगण नाही. एक लांबलचक खोली आहे. तिच्या भिंती काचेच्या, आणि काचेपलीकडे आभाळातून पांढरं पांढरं काहीतरी भुरभुरतं आहे.

आजोबा सांगतात, ते आता इथे असतात. पायाखाली माती नाही म्हणून काही पोचत नाही. गाव ज्या खड्ड्याशी माडी ओततं ती ते पिऊ शकत नाहीत, कारण ते त्या खड्ड्यात नाहीत. दिवसभर जाड कोट घातलेली माणसं येतात, पुढ्यातली चिठ्ठी वाचतात, पुढे जातात. चिठ्ठीवर नाव नाही. संध्याकाळी कुणीतरी दिवे घालवतं आणि खोली आणखी गार होते. इथे ते एकटे नाहीत. आता कारिसालाही दिसतात ते बाकीचे. त्याच्याच लोकांचे खांब ओळीने उभे आहेत, आणि त्यांच्या पलीकडे पितळेची मुंडकी आहेत, दुसऱ्याच कुठल्या मुलखातल्या राजघराण्याची, गळ्यापर्यंत मण्यांच्या माळा घातलेली. सगळे ह्याच्याकडे तोंड करून आहेत.

"त्यांना नाव विचारू नकोस," आजोबा म्हणतात. "आठवत नाही त्यांना. माझंही जरा जरा जायला लागलंय."

कारिसा आजोबांचं नाव मनात म्हणून बघतो. म्हणतो, परत म्हणतो, आणि तिसऱ्यांदा म्हणायला जातो तर ते त्यालाच आठवत नाही. मग आठवतं. थोया. थोया.

आजोबा चल म्हणतात आणि पाय नसताना चालू लागतात. काचेच्या कपाटांच्या मधून वाट जाते, कपाटांची झाडं होतात, आणि कारिसा दाट जंगलातल्या पायवाटेवर आहे. ही वाट त्याने कधी पाहिलेली नाही, पण ती कुठे जाते ते त्याला माहीत आहे. जंगलाच्या पोटात, कुंपणाच्या आत, त्याच्या लोकांचं जुनं गाव. काया म्हणतात त्याला. इथे राजा नाही, वाडा नाही. म्हातारे झाडाखाली बसून वाद घालताहेत आणि शेवटच्या माणसाला पटेपर्यंत कुणी उठणार नाही. बायका ढोलाच्या मागे उभ्या आहेत. आजोबा इथे तरणेबांड आहेत, दोन्ही पायांसकट, आणि हसताहेत. कारिसालाही क्षणभर बरं वाटतं. इथेच राहिलं तर काय बिघडेल, असं त्याच्या मनात येऊन जातं.

मग बायका शपथ घालतात. नदीपलीकडची जमीन सोडायची नाही. गोऱ्या साहेबाच्या मळ्यावर पोरं द्यायची नाहीत, त्याच्या लढाईला हमाल द्यायचे नाहीत. सगळा गाव हो म्हणतो. त्या होकारावरच कानठळ्या बसतात. वेशीचं दार आभाळात उडतं. कुणीतरी ओरडतं की सुरुंग लावलाय, पळा. धूर, पेटलेली छपरं, शिपाई, हंबरणाऱ्या गाई, आणि कारिसा जीव मुठीत धरून पळतो आहे. पळता पळता मान दुखायला लागते. डोक्यावर पोतं आहे. पुढे माणूस, मागे माणूस, सगळ्यांच्या डोक्यांवर पोती, आणि ओळ जर्मनांशी चाललेल्या लढाईकडे निघाली आहे. गळ्यात पत्र्याचा बिल्ला आहे आणि बिल्ल्यावर आकडा. पुढचा माणूस पडतो. ओळ थांबत नाही. कारिसा त्याला ओलांडताना खाली बघतो, आणि बघायला नको होतं असं त्याला होतं. त्या माणसाला तोंड नाही, नुसतं तासलेलं गुळगुळीत लाकूड आहे.

"मीही असंच ओलांडलं," मागून आजोबांचा आवाज येतो. "मी परत आलो. ते नाही आले."

ओळ वळते. वळणापलीकडे नाच चालला आहे. डोक्यावरची पोती गेली, हातात ढोल आले. नवं निशाण चढलं आहे, गोरे गेले, रस्त्यावर माणूस मावत नाही. सगळे नाचत नाचत एका खांबापाशी येतात. थोया आजोबांचा खांब, नव्या लाल पांढऱ्या पट्ट्या बांधलेला. गर्दीतून एक तरुण पुढे होतो आणि माडी ओततो. तो तरुण म्हणजे कारिसाच आहे, बावीस तेवीस वर्षांचा. तो छाती फुगवून म्हणतो की आजोबा, आता आपल्याला कुणी जागेवरून उठवणार नाही.

आणि ढोल बंद पडतात. नाचणारे पाय उचलले तसेच राहतात. गर्दीतल्या सगळ्यांची तोंडं कारिसाकडे वळतात.

"हे तू म्हणाला होतास," आजोबा म्हणतात. "मला बरं वाटलं होतं."

आजोबा अगदी जवळ येतात. त्यांच्या अंगाची थंडी ह्याच्या छातीला लागते. ते रागावलेले नाहीत, हेच वाईट. शेजाऱ्याला विचारावं तसं विचारतात.

"गोऱ्यांनी मला दोनदा उठवलं. एकदा घरातून, एकदा नदीकाठावरून. पण ते समोरून आले, आरडाओरडा करत आले. हा मागून आला. आणि ह्याने गाठी कापल्या नाहीत, सोडवल्या. परक्याने सुरी लावली असती. आपल्या घरातला होता. कोण रे तो?"

कारिसा मान हलवतो. त्याला माहीत नाही म्हणतो. बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघते.

आजोबा सांगत राहतात. त्यांना उभं राहायला जागा नाही. थंडीत वाट दिसत नाही, नुसती ऊब कळते, म्हणून ते आपले उबेच्या मागे जातात. दोनदा ते कारिसाच्याच दारी आले. जागा उबदार होती पण फार लहान होती, ते काही तिथे मावले नाहीत. मागाहून कळलं की ती पोरं जगली नाहीत. तसं त्यांच्या मनात नव्हतं.

कारिसाला ओरडायचं आहे, पण आवाज फुटत नाही. अंगण परत आलं आहे. दामा भांडी घासते आहे, पाठमोरी. तिला हे दोघं दिसत नाहीत. ती वळते तेव्हा तिचं भरलेलं पोट दिसतं, आणि आजोबांच्या त्या दोन खाचा तिकडे वळतात. थंडीत कुडकुडणारा माणूस चुलीकडे बघेल तसं ते बघतात.

"नातवाच्या घरात शिरणं बरं नाही," ते म्हणतात. "ज्याने मला उठवलं त्याच्याच घरात शिरतो. नाव सांग त्याचं."

"चारो," कारिसा म्हणतो.

चारो त्याचा चुलतभाऊ. पायवाटेपलीकडे राहतो. साधा गडी, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. खांब चोरीला गेल्यावर तीन दिवस जंगल पालथं घालत हिंडला होता तो. नाव तोंडातून गेलं आणि कारिसाला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगा, खरंच वाटलं. माणूस असाच असतो.

आजोबा बरं म्हणतात आणि निघतात. कारिसा मागे जातो. पायवाट रोजची आहे, दहा पावलांची, पण आज ती संपत नाही, आणि तिच्या दोन्ही बाजूंना ते सगळे उभे आहेत. डोक्यावर पोती घेतलेले, काचेच्या खोलीतले, पितळेचे. चारोचं दार उघडं आहे. आत चटईवर त्याची दोन वर्षांची लेक, जुमवा, आंब्याची कोय चोखत बसली आहे. रसाने हात, गाल, पोट सगळं बरबटलेलं. आजोबा उंबऱ्यात येतात तशी ती वर बघते. घाबरत नाही. पण तिचे ओठ निळे पडायला लागतात, आणि हातातली कोय गळून पडते. आजोबा वाकतात.

"तिला नको," कारिसा म्हणतो. आता आवाज फुटतो, आणि फुटतो तो रडण्यासारखा. "चारो नव्हता. मी होतो. आजोबा, मी सोडवल्या गाठी. मी विकलं तुम्हाला."

आजोबा वाकलेले असतात तसेच थांबतात. मग सरळ होतात.

"ठाऊक होतं मला," ते म्हणतात. "माड चढणाऱ्या हाताचे घट्टे मानेला लागतात."

"मग विचारलंत कशाला?"

"कुणाचं नाव घेतोस ते बघायचं होतं."

कारिसा तोंड लपवतो. मग काय सुचेल ते बोलत सुटतो. खड्डा उकरून पट्ट्या काढीन, धुवीन, पुन्हा बांधीन. आजोबा विचारतात, कशाला बांधशील? कापड म्हणजे नुसतं पांघरूण होतं. म्हाताऱ्याचं पांघरूण काढून पुरलंस आणि म्हाताऱ्याला उघडा परमुलखात पाठवलंस. एवढं वय झालं तुझं, तुला माणूस आणि पांघरूण ह्यांतला फरक कळेना? ह्या बोलण्यात जरा जुने आजोबा असतात, चिडके, आणि कारिसाला त्याच्यापुढे रडू आवरत नाही.

"मला तिथून एकट्याला परत येता येत नाही," आजोबा म्हणतात. "गावाने हाक मारली तर वाट दिसेल. पण मी कुठे गेलो ते गावाला ठाऊक नाही, कसा गेलो ते ठाऊक नाही. खड्ड्याशी बसून हाका मारतात बिचारे. तू सांग त्यांना. उजेडी सांग, सगळ्यांसमोर. बाळ बाहेर यायच्या आत. त्यानंतर मला धीर धरवणार नाही."

आणि ते कारिसाचं उजवं मनगट धरतात. स्वप्नात आजवर त्यांनी त्याला हात लावलेला नव्हता. ती बोटं मनगटावर मिटतात आणि गारठा हाडात शिरतो, खांद्यापर्यंत चढतो. कारिसा हात ओढतो. सुटत नाही. तो जोर लावून ओढतो.

"अहो. अहो, उठा."

काजूचं झाड. ऊन. दामा त्याच्यापाशी जमिनीवर टेकून बसली आहे, एक हात झाडाला लावून. तिच्या कपाळावर घाम आहे. ती सांगते की मघापासून कळा येताहेत, आधी वाटलं अशाच असतील, पण थांबत नाहीत, सुईणीला बोलवायला हवं. कारिसा उठायला जातो आणि उजवा हात टेकतो, तर हात टेकलेला त्याला कळतच नाही. तो मनगटाकडे बघतो. चार बोटांचे आणि एका अंगठ्याचे ठसे, राखेसारखे पांढरे. बाकी सगळं अंग घामाने निथळतं आहे आणि हा हात मेलेल्या माणसाचा असावा इतका गार आहे. मूठ वळत नाही.

दामाचं लक्ष तिकडे नाही. कळ येते तशी ती तोच हात धरते आणि सवयीने आपल्या पोटावर ठेवते, बाळ कुठे वळलंय ते बघा म्हणते. कारिसाला आत बाळ हललेलं कळतं. हाताला नव्हे, हाताला काहीच कळत नाही, डोळ्यांना कळतं. पोटाची ती बाजू उंच असते ती खाली जाते, आणि फुगवटा दुसऱ्या कुशीकडे सरकतो, हातापासून जेवढं लांब जाता येईल तेवढा. दामाचा श्वास अडकतो. ती हात उचलून बघते. ठसे बघते. मग त्याच्याकडे बघते.

"हात असा कशाने झाला?"

झोपेत अंगाखाली आला, हे उत्तर त्याच्या जिभेवर तयार आहे. पाच वर्षं असली उत्तरं त्याला पटापट सुचत आली आहेत. तो तोंड उघडतो, पण दामाला पुढची कळ येते आहे आणि आता वेळ नाही. तो चारोला हाक मारतो. इतक्या जिवाच्या आकांताने मारतो, की पायवाटेपलीकडून चारो जेवता जेवता उठून येतो, उष्ट्या हाताने. त्याच्या मागे त्याची बायको, कडेवर जुमवा. शेजारची म्हातारी सुईण येते, अजून दोन घरांची माणसं येतात. सगळ्यांना वाटतं बाळंतपणाची हाक आहे. सुईण दामाला घरात न्यायला वाकते.

"जरा थांबा," कारिसा म्हणतो. "ती आत जायच्या आधी मला सांगायचंय. उजेडी सांगायचंय." "थोया आजोबांना चोराने नेलं नाही. मी विकलं."

चारो उष्टा हात तसाच धरून उभा राहतो. सुईण तोंडाला पदर लावते. दामा दोन्ही हात पोटावर घेते, आणि कारिसाला वाटतं, आता ही पुन्हा कधी माझ्याकडे बघणार नाही. पण ती बघते. दोन बाळं गेली तेव्हा जशी बघत होती तशीच, कोरड्या डोळ्यांनी.

"कुठे आहेत ते?" ती विचारते.

कारिसा सांगू लागतो. पांढरी फरशी, काचेच्या भिंती, वरून भुरभुरणारं ते पांढरं. पायाखाली माती नाही. गावाने हाक मारली तर वाट दिसेल म्हणालेत. तो रडतो, अडखळतो, पण सांगत राहतो. त्याचं संपायच्या आधीच दामा सुईणीचा हात बाजूला करते, गुडघ्यांवर येते, जमिनीला तळवे टेकते आणि कळ सोसत, समुद्राच्या दिशेला तोंड करून, थोया आजोबांना नावाने पहिली हाक मारते.